आदेशपंक्तीचे पृथक्करण

आदेशपंक्तीचे पृथक्करण : संगणकास कळफलकावरून एका ओळीत लिहून दिलेल्या आदेशातील पदे वेगळी करणे, प्रत्येक पदाचे कार्य ओळखणे आणि त्यावरून आदेश देणाराचा हेतू आज्ञावलीस वापरता येईल अशा स्वरूपात मांडणे, या क्रियेस आदेशपंक्तीचे पृथक्करण म्हणतात. चित्रे, खिडक्या व बटणे यांऐवजी अशा लिखित ओळींनी चालविल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांना आदेशपंक्ती-साधने म्हणतात. सर्वसामान्य माणसाचा त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. तथापि महासंगणक, बँकांची व दूरसंचाराची केंद्रे, तसेच महाजालावरील बहुतेक सेवा यांचे दैनंदिन संचालन आजही मोठ्या प्रमाणावर या साधनांनीच होते. त्यामुळे आदेशातील एका अक्षराचा किंवा मोकळ्या जागेचा अर्थ कसा लावला जातो, याचे परिणाम फार दूरवर पोहोचू शकतात.

शालेय मराठी व्याकरणातील पदपरिस्फोट आणि वाक्यपृथक्करण या क्रियांशी या विषयाचे जवळचे नाते आहे. पदपरिस्फोटात प्रत्येक पदाची जात व कार्य सांगतात, तर वाक्यपृथक्करणात उद्देश्य, विधेय, कर्म, विधेयविस्तार असे भाग पाडतात. आदेशपंक्तीच्या बाबतीतही हेच दोन टप्पे असतात. मात्र माणूस ऐकणारा असला की तो प्रसंग, स्वर व बोलणाराचा स्वभाव यांवरून अपुऱ्या वाक्याचाही अर्थ लावतो. यंत्रास यांपैकी काहीच उपलब्ध नसते. लिहिलेली अक्षरे व आधी ठरविलेले नियम एवढ्यांवरच त्याला निर्णय करावा लागतो.

आदेशाचे घटक : स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक साधन घेऊ. एखाद्या गावी ठरावीक दिवसांत पडलेला पाऊस सांगणारी ‘पाऊस’ नावाची आज्ञावली आहे, असे समजू. तिला पुढीलप्रमाणे आदेश देता येईल :

पाऊस -स --दिवस ७ बारामती

यातील ‘पाऊस’ हे आदेशाचे नाव असून व्याकरणाच्या भाषेत ते क्रियापद होय. ‘बारामती’ हे कर्मपद होय. क्रिया कशावर करावयाची ते त्यावरून कळते. ‘-स’ आणि ‘--दिवस’ हे पर्याय आहेत. क्रिया कशा रीतीने करावयाची हे ते क्रियाविशेषणांप्रमाणे सांगतात. पैकी ‘-स’ (सविस्तर) हा नुसता असणे किंवा नसणे एवढ्यावरच अर्थ देतो, म्हणून त्यास निशाण म्हणतात. ‘--दिवस’ या पर्यायास मात्र मूल्य लागते व ते येथे ७ आहे. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. आदेशपंक्तीत ते आरंभी येते. याचे कारण व्यावहारिक आहे. पुढील पदांचा अर्थ कोणत्या नियमांनी लावावयाचा हे आदेशाच्या नावावरूनच ठरत असल्याने ते आधी कळणे सोयीचे असते.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या संगणकांना आदेश ओळीने दिले जात नसत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसविलेल्या सीडीसी ३६०० सारख्या यंत्रांवर छिद्रित पत्रांचा गठ्ठा द्यावा लागे. काम कोणाचे, कोणती साधने हवीत इ. माहिती गठ्ठ्यातील नियंत्रण-पत्रांवर ठरलेल्या पद्धतीने लिहावी लागे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६१ साली सीटीएसएस या कालविभागणी पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले आणि वापरणाराने आदेश टंकित करावा व यंत्राने लगेच उत्तर द्यावे, हा संवाद शक्य झाला. याच पद्धतीवर काम करणारे फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ यांनी आदेशांची यादी एकामागोमाग चालविणारी आज्ञावली तयार केली. वापरणारा आणि संगणकाचा गाभा यांमधील अशा वेष्टनास ‘शेल’ म्हणजे कवच हे नावही त्यांनीच दिले.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत ही पद्धती दृढ झाली. रिची यांच्या सी भाषेतील प्रत्येक आज्ञावलीस आदेशातील पदांची संख्या व पदांची सूची अशी दोन मूल्ये आरंभीच मिळतात. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पाठ्यपुस्तकातूनही भारतातील अनेक विद्यार्थ्यांना या दोन मूल्यांची पहिली ओळख झाली. सूची मिळाली तरी तिचा अर्थ लावण्याचे काम आज्ञावली लिहिणारावरच राहिले. त्यामुळे प्रारंभी प्रत्येक साधनाची रीत वेगळी होती. उदा., ‘डीडी’ या युनिक्समधील साधनात आयबीएमच्या छिद्रित पत्रांच्या धर्तीवर ‘नाव=मूल्य’ असे लिहावे लागते, तर ‘टार’ हे साधन संयोगचिन्हावाचूनही पर्याय स्वीकारते. हा गोंधळ कमी करण्यासाठी ‘गेटऑप्ट’ हे सामाईक उपकार्य १९८० च्या सुमारास युनिक्समध्ये आले. १९८५ साली एटी अँड टी कंपनीने ते सर्वांस खुले केले. पुढे पॉझिक्स या मानकात पर्याय-लेखनाचे नियम समाविष्ट झाले. १९८३ साली घोषित झालेल्या ग्नू प्रकल्पाने दोन संयोगचिन्हांनी सुरू होणारे, पूर्ण शब्दांचे दीर्घ पर्याय रूढ केले.

एमएस-डॉस प्रणालीने पर्यायांसाठी तिरपी रेघ वापरली. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्यात उपनिर्देशिका आल्या, तेव्हा ही रेघ आधीच गुंतलेली असल्याने मार्ग दर्शविण्यासाठी उलटी तिरपी रेघ घ्यावी लागली. युनिक्स व विंडोज यांत आजही दिसणारा हा भेद त्या वेळच्या पर्याय-लेखनातून उद्‌भवला आहे.

पदच्छेद : पृथक्करणाची पहिली पायरी म्हणजे ओळीची पदे पाडणे. युनिक्स व तत्सम प्रणालींत हे काम कवच करते आणि आज्ञावलीच्या हाती तयार पदेच येतात. पदे सामान्यतः मोकळ्या जागेवर तुटतात. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात डाळज नं. १, डाळज नं. २ व डाळज नं. ३ अशी गावे आहेत. त्यांपैकी एकाचे नाव आदेशात जसेच्या तसे लिहिले, तर काय होते ते पहा :

पाऊस --दिवस ७ डाळज नं. २

वाचकास येथे एकच गाव दिसते. कवचास मात्र ‘डाळज’, ‘नं.’ आणि ‘२’ अशी तीन पदे दिसतात. आज्ञावली काळजीपूर्वक लिहिलेली नसेल, तर ती पहिले पद गाव म्हणून घेईल व उरलेली दोन मुकाट्याने टाकून देईल, किंवा अखेरचा २ हा आकडा दिवसांची संख्या समजेल. दोन्ही प्रसंगी उत्तर मिळेल, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नसेल. यावर उपाय म्हणजे नाव अवतरणचिन्हांत घालणे :

पाऊस --दिवस ७ ‘डाळज नं. २’

अवतरणचिन्हांमुळे आतील मोकळ्या जागांचे पद तोडण्याचे सामर्थ्य नष्ट होते व संपूर्ण नाव एक पद बनते. चिन्हे स्वतः आज्ञावलीपर्यंत पोहोचत नाहीत. कवच ती काढून टाकते. तसेच तारकाचिन्ह आदेशात आले, तर कवच त्याच्या जागी जुळणाऱ्या सर्व फायलींची नावे आधीच घालते. विंडोज प्रणालीत आज्ञावलीस संपूर्ण ओळ अखंड मिळते व पदे पाडण्याचे काम तिच्याच पदरी येते. त्यामुळे एकच ओळ दोन प्रणालींत भिन्न प्रकारे तुटू शकते.

पदच्छेदातील चूक किती महाग पडते, याची उदाहरणे नोंदलेली आहेत. २०११ साली लिनक्सवरील ‘बम्बलबी’ या आज्ञावलीच्या स्थापनेसाठी दिलेल्या आदेशसंचात एका मार्गाच्या मध्यभागी चुकून मोकळी जागा पडली. खोलवरची एक निर्देशिका पुसण्याऐवजी तो आदेश ‘यूएसआर’ ही संपूर्ण निर्देशिका पुसू लागला. प्रणालीतील बहुतेक आज्ञावल्या याच निर्देशिकेत असतात. २०१५ साली ‘स्टीम’ या खेळांच्या आज्ञावलीच्या लिनक्स आवृत्तीत मार्ग साठविणारे चलपद काही प्रसंगी रिकामे राहत असे. रिकाम्या पदापुढे तिरपी रेघ व तारका येऊन आदेशाचा अर्थ ‘मुळापासून सर्व काही पुसून टाक’ असा होई, आणि वापरणाराच्या अधिकारातील सर्व फायली नष्ट होत. दोन्ही ठिकाणी यंत्राने नियमांचे तंतोतंत पालन केले होते.

पर्यायांची ओळख : पदे हाती आल्यावर आज्ञावली ती डावीकडून उजवीकडे तपासते. रूढ नियम असे : (१) केवळ दोन संयोगचिन्हांचे पद आले की पर्याय संपले असे समजावे व त्यापुढील सर्व पदे कर्मपदे मानावीत, (२) केवळ एक संयोगचिन्ह हे कर्मपद मानावे व त्याचा अर्थ सामान्यतः ‘फायलीऐवजी समोरून येणारा मजकूर वाच’ असा घ्यावा, (३) दोन संयोगचिन्हांनी सुरू होणारे पद हा दीर्घ पर्याय समजावा व त्यात बरोबरीचे चिन्ह असल्यास त्यापुढील भाग मूल्य मानावा, (४) एका संयोगचिन्हाने सुरू होणाऱ्या पदातील प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र लघुपर्याय मानावा, (५) अन्य सर्व पदे कर्मपदे मानावीत. पहिल्या नियमाची उपयुक्तता सहज लक्षात येत नाही. एखाद्या फायलीचे नावच संयोगचिन्हाने सुरू होत असेल, तर ती फाइल आणि पर्याय यांत भेद करण्याचा तो एक खात्रीचा मार्ग होय.

केवळ या नियमांनी काम पूर्ण होत नाही. ‘-सद७’ या पदात स, द व ७ असे तीन पर्याय आहेत की स हे निशाण व द या पर्यायाचे मूल्य ७ आहे, हे पदाच्या रूपावरून ठरत नाही. ‘-द ७’ असे सुटे लिहिले तरी ७ हे मूल्य आहे की कर्मपद, हा प्रश्न उरतोच. यासाठी कोणत्या पर्यायास मूल्य लागते याचे कोष्टक आज्ञावलीने आधी घोषित करावे लागते. गेटऑप्ट या उपकार्यास अशी एक अक्षरमाला देतात आणि मूल्य घेणाऱ्या अक्षरापुढे अपूर्णविराम ठेवतात. शब्दकोशावाचून व्याकरण अपुरे पडते, तसाच हा प्रकार होय. पायथन भाषेत २०१० पासून उपलब्ध असलेल्या ‘आर्गपार्स’सारख्या ग्रंथालयांत हेच कोष्टक अधिक विस्ताराने लिहितात. मूल्याचा प्रकार, त्याची अनिवार्यता व स्पष्टीकरण एकाच ठिकाणी दिल्याने पृथक्करण आणि साहाय्य-मजकूर ही दोन्ही त्यातून निर्माण होतात व त्यांच्यात विसंगती राहत नाही.

दीर्घ पर्यायांचे संक्षेप ही एक सोय आहे, तसाच तो धोकाही आहे. ग्नूच्या पद्धतीत अन्य पर्यायाशी घोटाळा होत नसेल, तर शब्दाचा आरंभीचा भाग लिहिला तरी चालतो. ‘--दिवस’ऐवजी ‘--दि’ लिहिणारा आदेश काही वर्षे बिनचूक चालेल. पुढे साधनात ‘--दिनांक’ हा नवा पर्याय घातला की ‘--दि’ संदिग्ध होईल आणि जुने आदेशसंच बंद पडतील. म्हणून वारंवार चालवावयाच्या संचांत पर्यायांची पूर्ण नावे लिहिणे श्रेयस्कर असते.

मोठ्या साधनांत उपादेश असतात. २००५ साली सुरू झालेल्या ‘गिट’ या साधनात पहिल्या नावानंतर येणारे दुसरे पद प्रत्यक्ष क्रिया सांगते. अशा वेळी उपादेशाच्या आधीचे पर्याय संपूर्ण साधनास व नंतरचे त्या उपादेशास लागू होतात. उपादेशाचे नाव चुकले, तर गिट जवळचे नाव सुचविते. पण आपण होऊन ते चालवीत नाही. ही मर्यादा महत्त्वाची आहे.

मूल्यांची तपासणी व अग्रक्रम : पद ओळखल्यानंतर त्यातील मूल्य ग्राह्य आहे की नाही हे पहावे लागते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत राष्ट्रीय महासंगणक अभियानाखाली २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. परम मालिकेचा आरंभ पुण्याच्याच प्रगत संगणन विकास केंद्राने (सीडॅक) १९९१ साली ‘परम ८०००’ या यंत्राने केला होता. अशा यंत्रावर संशोधकाला काम थेट चालविता येत नाही. ते रांगेत ठेवावे लागते. परम ब्रह्मवर यासाठी ‘स्लर्म’ ही व्यवस्था वापरण्यात आली. तिच्या ‘एसबॅच’ या आदेशात किती यंत्रघटक व किती वेळ हवा, हे पर्यायांनी सांगावे लागते. (मूळ आदेश रोमन लिपीत असतात; येथे ते उच्चारानुसार दिले आहेत.)

एसबॅच --टाइम=२४ काम

येथे २४ म्हणजे चोवीस तास असे नवख्यास वाटणे स्वाभाविक आहे. पण या व्यवस्थेत नुसता आकडा मिनिटांचा वाचक असतो. तास सांगण्यासाठी तास, मिनिटे व सेकंद असे तीन भाग अपूर्णविरामांनी जोडून लिहिता येतात. दोनच भाग लिहिल्यास ते मिनिटे व सेकंद समजले जातात. मागितलेली मुदत संपली की काम थांबविले जाते. म्हणजे दिवसभराचे गणित चोवीस मिनिटांनी तुटते आणि रांगेत वाट पाहिलेला काळही वाया जातो. पृथक्करण निर्दोष असूनही हेतू हुकतो, याचे हे चांगले उदाहरण होय. मूल्याचे एकक पर्यायाच्या नावातच किंवा मूल्यात लिहावयास लावणे हा साधनाच्या रचनाकारास उपलब्ध असलेला उपाय आहे.

याच आदेशात पदांचा क्रमही अर्थ बदलतो. कामाच्या नावाआधी लिहिलेले पर्याय एसबॅचचे असतात. नावानंतर लिहिलेली पदे, ती पर्यायांसारखी दिसत असली, तरी त्या कामाकडे सोपविली जातात. वेळेचा पर्याय चुकून शेवटी लिहिला, तर एसबॅचच्या दृष्टीने तो लिहिलेलाच नसतो. तसेच एकच गोष्ट तीन ठिकाणी सांगता येते : कामाच्या संचिकेतील विशेष ओळींत, परिसर-चलपदांत आणि आदेशपंक्तीत. त्यांत विरोध आल्यास परिसर-चलपदे संचिकेवर आणि आदेशपंक्ती दोहोंवर मात करते. ज्या ठिकाणी माणसाने सर्वांत अलीकडे व जाणीवपूर्वक लिहिले, ते प्रमाण मानावे, हे या अग्रक्रमाचे तत्त्व असून बहुतेक चांगली साधने ते पाळतात.

देवनागरीतील अडचणी : आदेशपंक्तीची रचना रोमन लिपी गृहीत धरून झाली. त्यामुळे मराठी मूल्ये देताना काही विशेष अडचणी येतात. गेटऑप्ट लघुपर्यायाचे अक्षर एका बाइटाचे मानते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरी अक्षरचिन्हास तीन बाइट लागतात. त्यामुळे वर कल्पिलेला ‘-स’ हा पर्याय त्या उपकार्याने वाचता येत नाही. ‘--दिवस’ मात्र चालू शकतो, कारण दीर्घ नावांची तुलना बाइटांची मालिका म्हणून होते.

आकड्यांची अडचण अधिक गंभीर आहे. पायथनचे पूर्णांक-रूपांतर ‘१२’ हे देवनागरी अंक बारा म्हणून स्वीकारते. सी भाषेतील ‘एटूआय’ या जुन्या उपकार्यास ते अंक वाटतच नाहीत. ते शून्य देते आणि चूक झाल्याचे सांगत नाही. शून्य हे खरे मूल्य की न कळल्याची खूण, हे मग ओळखता येत नाही. बारा दिवसांचा पाऊस विचारणारास शून्य दिवसांचे उत्तर मिळते. ‘स्ट्रटॉल’ हे उपकार्य वाचन कोठे थांबले तेही सांगते. म्हणून रूपांतरासाठी तेच वापरावे व संपूर्ण पद वाचले गेले आहे याची खात्री करावी.

तिसरी अडचण दृष्टीस न पडणारी आहे. बारामतीवरून वाहणाऱ्या कऱ्हा नदीच्या नावातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येते : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ व नुक्ता यांच्या जोडीने. युनिकोड ही दोन्ही रूपे समतुल्य मानते. परंतु केवळ बाइटांची तुलना करणारे साधन एका रूपात लिहिलेले नाव दुसऱ्या रूपातील फायलीशी जुळवू शकत नाही, आणि पडद्यावर तर दोन्ही नावे एकसारखीच दिसतात. तुलनेपूर्वी दोन्ही नावे एका प्रमाणित रूपात आणणे हाच यावरील मार्ग होय.

चुकांची हाताळणी : २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉन कंपनीच्या एस-३ या साठवण सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात काही मोजकी यंत्रे सेवेतून काढण्यासाठी एक आदेश देण्यात आला. त्यातील एक मूल्य चुकीचे लिहिले गेले व अपेक्षेहून बरीच अधिक यंत्रे काढली गेली. त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य संकेतस्थळांचे कामकाज काही तास विस्कळीत झाले. नंतर कंपनीने जो बदल जाहीर केला, तो लक्षणीय आहे. यंत्रे सावकाश काढावीत आणि किमान आवश्यक क्षमतेच्या खाली जाणारा आदेश साधनाने नाकारावा, अशी तरतूद करण्यात आली. म्हणजे लिहिणाराची दक्षता वाढविण्यावर न थांबता आदेश स्वीकारण्याची अट कडक करण्यात आली.

यावरून चांगल्या पृथक्करणाची काही लक्षणे सांगता येतात. अपरिचित पर्याय, अनावश्यक कर्मपद किंवा अग्राह्य मूल्य आढळल्यास साधनाने काम सुरू करण्यापूर्वीच थांबावे. अर्धे काम करून थांबू नये. कोणते पद चुकले, काय अपेक्षित होते आणि साहाय्य कोठे मिळेल, हे त्याने मोजक्या शब्दांत सांगावे. हा संदेश उत्तराच्या प्रवाहात न मिसळता चुकांसाठी राखलेल्या स्वतंत्र प्रवाहातून द्यावा व शून्येतर निर्गम-संकेत परत करावा, म्हणजे आदेशसंचातील पुढील आदेशास अपयश कळते. शून्य हा संकेत यशाचा मानला जातो. पुसणे, काढून टाकणे अशा अपरिवर्तनीय क्रियांसाठी ‘काय होईल ते केवळ दाखव’ असा पर्याय ठेवावा आणि रिकामे मूल्य कधीही ‘सर्व’ या अर्थी घेऊ नये.

साधनाने थोडे चुकलेले आदेश समजून घेऊन काम चालवावे, असा एक मतप्रवाह आहे व केवळ माहिती दाखविणाऱ्या साधनांपुरता तो ग्राह्य ठरतो. तथापि जेथे परिणाम परत फिरविता येत नाही, तेथे अंदाजाने अर्थ लावणे हे सौजन्य ठरत नाही. डाळज नं. २ या गावाविषयी विचारले असता नुसत्या ‘डाळज’चा पाऊस सांगणाऱ्या साधनापेक्षा ‘गावाचे नाव एकच अपेक्षित आहे, तीन पदे मिळाली’ असे सांगून थांबणारे साधन अधिक विश्वासार्ह होय, कारण पहिल्यातील चूक वापरणारास कळतच नाही, तर दुसऱ्यातील ती दोन अवतरणचिन्हे घालून दुरुस्त करता येते.